पोटहिस्सा

खोक्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा.
खंडेराव बालवडकरांनी सुरीनं चिकटपट्टी कापली,
चिप दिव्याखाली धरली, म्हणाले,
"हा तर मागच्याच महिन्यातला."
नव्हता. घराणं तेच, पिढी तीच,
फक्त मॉडेलचा आकडा एकानं पुढे.
तेवढ्यावरून आमच्या मापकानं त्याला दारातच अडवलं:
अनोळखी प्रोसेसर. मोजणी बंद.

आत सोळा गाभे धडधडत होते, पंखा शिट्टी घालत होता,
आणि पडद्यावर रकान्या-रकान्यांत आडव्या रेघा.
समोर बसलेल्या माणसाकडे
हयातीचा दाखला मागावा तसं.

उपाय सोपा. तक्ता उघडायचा,
थोरल्याची ओळ उचलायची, आकडा बदलायचा.
चहा निवायच्या आत केलं मी ते.
रेघा गेल्या, आकडे आले:
किती चक्रं, किती आज्ञा,
किती वेळा साठ्यात हात घातला आणि रिकामा निघाला.
सुबक आकडे. उज्ज्वला तापकीरनं अंगठा वर केला.
तीन आठवडे कुणाला शंका आली नाही.

मग एका गुरुवारी, वीज गेलेली,
प्रयोगशाळा जनरेटरवर,
मी सहज एक येडपट चाचणी लावली:
एक कोटी वेळा गोल फिरायचं, बस्स.
मोजणी आली बासष्ट लाख.
पुन्हा लावली. एक्केचाळीस.
पुन्हा. अठ्ठ्याऐंशी.
आधी जनरेटरला शिव्या घातल्या, मग स्वतःला.

बालवडकर बॅटऱ्यांचं पाणी बघत होते.
मी म्हणालो, नोंद तर थोरल्याची जशीच्या तशी घेतलीये.
ते मान वर न करता बोलले,
"आमच्या बापाच्या वाटणीला तलाठ्यानं तेच केलं.
चुलत्याचा उतारा पुढ्यात ठेवला, नाव बदललं.
विहीर दोघांच्या नावे लागली, वाट कुणाच्याच नाही.
कागद मात्र एकदम झकास.
अकरा वर्षं बैल दुसऱ्याच्या बांधावरून नेले."
ही इमारत उभी आहे ती जमीन बहुतेक तीच.
मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.

पुस्तिका पुन्हा काढली. पान चारशे बारा, तळटीप.
ह्या धाकट्याच्या उंबऱ्याआड चुली दोन होत्या:
दांडगे गाभे पुढच्या खोलीत,
मागच्या पडवीत बारके, विजेला काटकसरी.
ताप चढला की काम पुढून मागे जायचं,
निवलं की मागून पुढे, कुणाला न सांगता,
आणि आम्ही वही घेऊन बसलेलो
एकट्या पुढच्या दारात.
मोजणी खरी होती. घर अर्धं होतं.

दोन दारं, दोन वह्या, शेवटी बेरीज.
तीही सरळ होईना. बारक्यांकडे
मोजपट्ट्या कमी, आळीपाळीनं वापरायच्या,
म्हणजे मधल्या वेळेचा अंदाज,
आणि अंदाजापुढे अंदाज असं लिहायचं,
लाज न बाळगता.

आठवड्यानं, रात्री पावणेतीनला, एक कोटी आले.
कोटी आणि वर सतरा.
ते सतरा कुठून आले मला ठाऊक आहे,
सांगत बसलो तर उजाडेल.

बदलाच्या नोंदीत लिहिलं:
नवा प्रकार जोडला. थोरल्याची नोंद ह्याला लागू नाही.
एकाच यंत्रावर तपासलं आहे.
उज्ज्वलानं विचारलं, "एवढ्याला सव्वा महिना?"
मी हो म्हणालो.

सकाळी बालेवाडी फाट्यावर पोहे खाऊन परत आलो
तर गेटवर कुरियरवाला. खोकं तेवढंच.
बालवडकरांनी आकड्यावरून बोट फिरवलं:
एकानं पुढे, आणि शेवटी एक अक्षर जास्त.
सुरी खिशातच ठेवून त्यांनी मला विचारलं,
"हा कुणाच्या पोटचा?"